शेतीचे मासिक घरी येते, पण वाचले किती जाते? मोजायचे कसे?

इंदूर जिल्ह्यातल्या देपालपूर किंवा सांवेर तहसिलीतल्या एखाद्या मराठी घरात शेतीचे मासिक येते, म्हणजे नेमके काय होते? अंक छापला जातो, टपालात पडतो, घरी पोचतो, कुणीतरी वेष्टन फाडते, पाने उलटते, एखादा लेख वाचते, त्यातले काही समजते आणि त्यातलेही थोडे शेतात उतरते. प्रत्येक पायरीवर माणसे गळत जातात. वर्गणीदारांचा आकडा सांगतो तो टपालाच्या पायरीचा. अहवालातले ‘शेतकऱ्यांचे समाधान’ फार तर पाने उलटण्यापर्यंत पोचते. शेतकऱ्याच्या उपयोगाची पायरी मात्र शेवटचीच, आणि तिथपर्यंत मोजत जाणारी पाहणी क्वचितच होते.

हे मोजमाप अवघड नाही. कृषी विस्ताराचे विद्यार्थी, मासिकाचे संपादक किंवा गावात वाचनालय चालवणारे मराठी मंडळ, कुणालाही ते करता येते. मात्र काही चुका हमखास होतात, आणि त्या झाल्या की आकडे देखणे दिसतात पण खोटे बोलतात.

आधी वाचणारा कोण, ते पाहू. होळकरांच्या आणि देवासच्या पवारांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेली मराठी घरे आहेत. बोलणे घरात मराठी, शाळा हिंदीतून, मंडीतला व्यवहार हिंदी-माळवीत. लिपी दोन्हीकडे देवनागरीच, त्यामुळे पुण्याहून आलेला मराठी अंक तिसऱ्या पिढीतला मुलगाही घडाघडा वाचून दाखवतो. पाहणी करणारा फसतो तो इथेच. वाचता येणे वेगळे आणि शेतीचा शब्द ओळखीचा असणे वेगळे. अंकात ‘वाफसा आल्यावर कोळपणी करावी’ असे छापलेले असते. या मुलाच्या शेतात वाफशाला (जमिनीत कामाजोगा ओलावा असण्याला) ‘बतर’ म्हणतात आणि कोळपणीला (पिकाच्या ओळींमधले तण काढण्याच्या मशागतीला) ‘डोरा चालवणे’. पेरणी म्हणजे ‘बोवनी’, खुरपणी म्हणजे ‘निंदाई’, बुरशीनाशक म्हणजे ‘फफूंदनाशक’, वाण म्हणजे ‘किस्म’. वाक्य वाचून होते, पण काम नजरेसमोर उभे राहत नाही.

म्हणून पाहणीच्या सुरुवातीलाच एक छोटी शब्दपरीक्षा ठेवावी. ताज्या अंकातले शेतीचे 20 शब्द निवडायचे आणि शेतकऱ्याला विचारायचे, ‘काका, वाफसा म्हणजे जमीन कशी असते?’ उत्तर मराठीत, हिंदीत किंवा हाताने माती चुरून दाखवून दिले तरी चालेल. ‘हा शब्द माहीत आहे का?’ असे मात्र विचारू नये. त्यावर ‘हो’ म्हणणे फार सोपे असते. 20 पैकी 12-13 शब्दच नीट सांगता आले, तर मासिकाची पहिली अडचण विषयाची नसून शब्दांची आहे, हे तिथेच कळते.

आता माणसे निवडायची. सर्वांत मोठी चूक होते ती इथे. मासिकाच्या मेळाव्याला आलेल्या शंभर जणांकडून फॉर्म भरून घेतले जातात. मेळाव्याला येतो तो मुळात मासिकावर प्रेम करणारा, त्याचे समाधान ऐंशीच्या खाली येणारच नाही. त्याऐवजी वर्गणीदारांची यादी घ्यावी. यादीत 1,200 नावे असतील आणि 100 माणसे हवी असतील, तर 1,200 भागिले 100 म्हणजे 12. एक ते बारा आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलायची. 7 आला तर यादीतला सातवा, मग एकोणिसावा, मग एकतिसावा, असे शेवटपर्यंत जायचे. यादी गावानुसार लावलेली असेल तर गावोगावची माणसे साधारण प्रमाणात आपोआप येतात. निवडलेला माणूस घरी नसेल तर शेजाऱ्याला विचारून मोकळे होऊ नये. तीन वेळा जावे, तरी भेटला नाही तर ‘भेटला नाही’ असे लिहावे. घरी सहज सापडणारे आणि शेतात राबणारे यांचे वाचन सारखे नसते.

शंभर माणसे पुरतात का? त्यांच्यातल्या 60 जणांनी एखादी गोष्ट सांगितली, तर सगळ्या वर्गणीदारांमधले खरे प्रमाण साधारण 50 ते 70 टक्क्यांच्या दरम्यान आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते. हा पट्टा निम्मा करायचा, म्हणजे 55 ते 65 वर आणायचा, तर दुप्पट नव्हे, चौपट, सुमारे 400 माणसे लागतात. गावपातळीवरच्या कामाला शंभर पुरेत. पण मग ‘गेल्या वर्षी 58 होते, यंदा 61 झाले, समाधान वाढले’ असे म्हणू नये. शंभरांच्या पाहणीत तीन टक्क्यांच्या फरकाला काही अर्थ नसतो.

यादीतले नाव आणि वाचणारा माणूस एकच असेल, असेही धरून चालू नये. अंक आजोबांच्या नावाने येतो, वाचतो नातू, आणि बियाणे निवडून राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात साठवण्याचे, गाई-म्हशींच्या चाऱ्या-पाण्याचे काम करतात घरातल्या बायका, ज्यांच्यापर्यंत अंक पोचतच नाही. म्हणून घरात गेल्यावर पहिला प्रश्न असा असावा: ‘मागचा अंक कुणी उघडला? तो दाखवता का?’ अंक समोर आला की निम्मे उत्तर मिळते. वेष्टनासकट कपाटावर पडला आहे, की पाने मुडपली आहेत, की फवारणीचे पान फाडून औषधांच्या डब्याजवळ ठेवले आहे? ते फाडलेले पान म्हणजे मासिकाला मिळालेली सर्वांत मोठी दाद. नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना ठेवावा.

वेळही जपावी. माळव्यात जूनअखेर बोवनीची घाई, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर सोयाबीनची काढणी आणि पाठोपाठ बटाटा, लसूण, हरभरा, गहू. या दिवसांत प्रश्न विचारले तर उत्तरे तोंडदेखली मिळतात. ऑगस्टच्या मध्यात डोरा-निंदाई उरकल्यावर, किंवा जानेवारीत, माणूस जरा निवांत असतो. संध्याकाळी जेवणानंतर जावे, आणि सरपंच किंवा कृषी खात्यातला माणूस शेजारी बसवून घेऊ नये. त्यांच्यासमोर कुणी ‘अंक वाचत नाही’ म्हणणार नाही.

तसेही समोर बसलेल्या पाहुण्याला दुखवायचे नाही, ही आपली रीत आहे. ‘अंक आवडतो का?’ असे विचारले तर ‘हो, चांगला असतो’ हेच उत्तर येणार. यावर साधा उपाय आहे. शेवटचा अंक हातात घेऊन पान-पान उलटत विचारावे: ‘हा लेख पाहिला होता का? किती वाचला, थोडा, अर्धा की पूर्ण?’ आणि त्यात एक मथळा असा घालावा, जो कधी छापलेलाच नाही. समजा, शंभरातल्या 12 जणांनी तो न छापलेला लेखही वाचल्याचे सांगितले. म्हणजे न वाचताही ‘हो’ म्हणणारे शंभरात बाराजण आहेत. आता एका खऱ्या लेखाला 40 जणांनी ‘हो’ म्हटले असेल, तर खरे वाचक किती? 32 खरे वाचक धरा. उरलेल्या 68 जणांपैकी 12 टक्के, म्हणजे सुमारे 8 जण, उगाच ‘हो’ म्हणाले. 32 आणि 8 मिळून 40. म्हणजे छापायचा आकडा 40 नव्हे, 32. यात शेतकऱ्याला खोटे पाडायचा हेतू नाही. त्याच्या सौजन्याची भर आपल्या आकड्यातून काढून टाकायची आहे, इतकेच. या मथळ्याबद्दल त्याला नंतर सांगूनही टाकावे.

पुढची पायरी समजण्याची. ‘समजायला सोपे वाटते का?’ हा प्रश्नही निरुपयोगीच. 1953 मध्ये अमेरिकी संशोधक विल्सन टेलर यांनी मांडलेली गाळलेल्या शब्दांची चाचणी इथे कामी येते. लेखातला अडीचशे शब्दांचा उतारा घ्यावा, पहिले वाक्य तसेच ठेवून पुढे दर पाचवा शब्द खोडावा आणि वाचणाऱ्याला तो भरायला सांगावा. साठ टक्क्यांच्या वर जागा बरोबर भरल्या तर उतारा त्याला झेपतो, चाळीसच्या खाली गेल्या तर झेपत नाही. मूळ चाचणीत अगदी तोच शब्द लागतो. मराठीत मात्र विभक्ती शब्दालाच चिकटते, त्यामुळे ‘शेतात’च्या जागी ‘वावरात’ किंवा ‘खेतात’ आले तरी बरोबर धरावे. लिहिण्याची सवय मोडलेल्या माणसाकडून तोंडी उत्तर घ्यावे.

समजले तरी वापरता येईल असे नाही, आणि मासिकांचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते, असे आमचे ठाम मत आहे. एक पान जवळून पाहू. सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्यासाठी आणि पाने खाणाऱ्या अळ्यांसाठी क्लोरॲन्ट्रानिलिप्रोल 18.5 टक्के एससी या कीटकनाशकाची शिफारस हेक्टरी 150 मिलि आहे. मराठी अंकात ती बहुधा ‘3 मिलि प्रति 10 लिटर पाणी’ अशी छापली जाते. हिशेब बरोबर आहे, पण तो हेक्टरी 500 लिटर पाणी धरून. म्हणजे एकरी सुमारे 200 लिटर, पंधरा लिटरच्या पाठीवरच्या पंपाने तेरा-चौदा पंप. प्रत्यक्षात किती जण एकराला इतके पंप मारतात? अनेक जण पाच-सहा पंपांत एकर उरकतात. पाच पंप म्हणजे 75 लिटर पाणी. दर 10 लिटरला 3 मिलि प्रमाणे त्यात पडले 22.5 मिलि, आणि हवे होते 60. निम्म्याहूनही कमी औषध गेले, अळी मेली नाही, आणि शेतकऱ्याच्या मनात बसले, ‘अंकातले औषध लागू पडत नाही.’ पॉवर स्प्रेअर वापरणारा हेक्टरी 125 लिटरच पाणी नेतो. त्याने तेच प्रमाण धरले तर औषध चौथा हिस्साच पडते. उलटी चूकही होते. हेक्टरी मात्रा एकराची समजून टाकली, की अडीचपट औषध पडते.

माळव्यात त्यात बिघ्याची भर पडते. महाराष्ट्रातला अंक गुंठ्यात आणि एकरात बोलतो, 40 गुंठ्यांचा एकर. इथला शेतकरी जमीन बिघ्यात मोजतो, आणि बिघा गावागणिक लहान-मोठा असतो. ‘गुंठ्याला इतके किलो’ हे वाक्य त्याच्या डोक्यात कुठेच बसत नाही. म्हणून पाहणीत एक प्रश्न हिशेबाचा असलाच पाहिजे: ‘हे पान वाचा. तुमच्या स्वतःच्या शेताला औषध किती लागेल आणि पंप किती?’ कागद-पेन्सिल द्यावी आणि शांत बसावे. उत्तर चुकले तर कुठे चुकले ते लिहावे. एककात, पाण्याच्या प्रमाणात, की गुणाकारात? शंभर जणांची ही एक नोंद समाधानाच्या वीस प्रश्नांपेक्षा संपादकाला जास्त शिकवते.

वाणांचेही असेच आहे. सोयाबीनच्या वाणांची शिफारस देशात विभागवार होते. मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात, बुंदेलखंड, विदर्भ आणि मराठवाडा हे मध्य विभागात येतात, तर दक्षिण महाराष्ट्र कर्नाटक-तेलंगणाबरोबर दक्षिण विभागात. सांगली-कोल्हापूरकडे उत्तम चाललेला वाण अंकात कौतुकाने छापून येतो आणि इथला वाचक बियाणे शोधू लागतो. फुले संगम, म्हणजे केडीएस 726, तयार व्हायला 100 ते 105 दिवस घेतो. इथे सोयाबीननंतर बटाटा किंवा लसूण लावायचा असेल तर जेएस 95-60 सारखा 82 ते 88 दिवसांत निघणारा वाण लागतो. पंधरा-वीस दिवसांचा हा फरक म्हणजे अख्ख्या रब्बीचा हिशेब. लेखात विभाग आणि दिवस लिहिले नसतील, तर वाचकाला ते विचारायचे कुणाला? सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था 1987 पासून इंदुरातच आहे, आणि 1800-180-1551 या किसान कॉल सेंटरच्या क्रमांकावरही विचारता येते. पण ही गोष्ट अंकातच चौकट करून छापलेली असावी.

सरकारी योजनांची पाने तर इथे जवळजवळ वाया जातात. सातबारा, तलाठी, महाडीबीटी यांचा इथे उपयोग नाही. इथे जमिनीच्या नोंदीला खसरा आणि बी-1, तलाठ्याच्या जागी पटवारी, आणि उपार्जनाची (सरकारी खरेदीची) वेगळी नोंदणी. लासलगावच्या कांद्याचे भाव इंदूरच्या चोइथराम मंडीला माल नेणाऱ्याच्या फारसे कामाचे नाहीत. ही पाने वाचली गेली नाहीत म्हणून वाचकाला दोष देऊ नये, आणि समाधानाच्या सरासरीत ती मिसळूही नयेत.

आता आकडे मांडण्याकडे येऊ. इथे दोन सापळे आहेत, आणि शिकल्या-सवरल्या माणसांचे पायही त्यांत अडकतात.

पहिला साठ टक्क्यांचा. समाधानाची विधाने पाच पर्यायांची असतात. अगदी असमाधानी म्हणजे 1 गुण, पूर्ण समाधानी म्हणजे 5, मधला ‘सांगता येत नाही’ 3. मिळालेले गुण भागिले जास्तीत जास्त गुण, गुणिले शंभर, असा समाधान निर्देशांक काढतात. समजा वीस विधाने आहेत आणि प्रत्येकाने सगळीकडे ‘सांगता येत नाही’ म्हटले. गुण झाले 60, कमाल 100, निर्देशांक 60 टक्के. अहवालात छापून येते, ‘शेतकरी 60 टक्के समाधानी.’ खरे तर कुणीच काही बोललेले नाही. सगळे जण पूर्ण नाराज असले तरी हा निर्देशांक 20 च्या खाली जाऊच शकत नाही, कारण किमान गुणच 1 आहे. दुरुस्ती सोपी आहे: सरासरी गुणांतून 1 वजा करावा, उरलेल्याला 4 ने भागावे, शंभराने गुणावे. मग सगळे नाराज तर 0, सगळे मध्यावर तर 50, सगळे खूश तर 100.

दुसरा सापळा जास्त खोल आहे. विस्तार शिक्षणाच्या किती तरी प्रबंधांत वाक्य सापडते, ‘बहुसंख्य शेतकरी मध्यम समाधानी आढळले.’ ते कसे येते? सगळ्यांच्या गुणांची सरासरी काढतात आणि सरासरीच्या वर-खाली एक प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत त्याचे माप) घेऊन तीन गट पाडतात. त्या पट्ट्याखालचे ‘कमी’, पट्ट्यातले ‘मध्यम’, वरचे ‘जास्त’. उदाहरणादाखल सरासरी 71 आणि विचलन 9 घ्या. 62 ते 80 म्हणजे ‘मध्यम’. आता दुसरे मासिक घ्या, सगळे वाचक ज्याला वैतागलेले आहेत: सरासरी 45, विचलन तेच 9. 36 ते 54 हे ‘मध्यम’. गुणांची पसरण नेहमीसारखी, मध्ये दाट आणि कडांना विरळ असेल, तर दोन्हीकडे शंभरातले साधारण 68 जण ‘मध्यम’ गटातच पडतात. चांगले मासिक असो की टाकाऊ, निष्कर्ष तोच. तो शेतकऱ्यांनी दिलेला नसतो, गट पाडायच्या रीतीतूनच आलेला असतो. गट पाडायचेच असतील तर पाहणीच्या आधीच रेघ आखावी. समजा, विधानांपैकी तीन-चतुर्थांश विधानांना 4 किंवा 5 गुण दिले तरच ‘समाधानी’. मग आकडा येईल तो येऊ द्यावा.

सरासरीऐवजी विषयवार आकडे द्यावेत, हे आणखी बरे. कीड-रोगाचे पान वाचले 32 जणांनी, हिशेब बरोबर केला 9 जणांनी, शेतात वापरले 6 जणांनी. असे तीन आकडे ओळीने लिहिले (हे नमुन्याचे आहेत) की गळती कुठे आहे ते दिसते. 32 वरून 9 वर घसरण झाली असेल तर पान पुन्हा लिहायचे. 9 वरून 6 झाली असेल तर औषध दुकानात मिळाले का, अंक फवारणी होऊन गेल्यावर आला का, ते पाहायचे. मासिकाचा मजकूर छापण्याआधी महिना-दीड महिना तयार होतो आणि टपालात आणखी दिवस जातात. बोवनीचा लेख जूनच्या अंकात असला आणि अंक बोवनी उरकल्यावर आला, तर लेखातला एकही शब्द चुकीचा नसूनही तो फुकट गेला. म्हणून प्रत्येक घरी अंक कोणत्या तारखेला मिळाला, हेही विचारावे.

तारीख आणि माप स्पष्ट असलेला सल्ला किती टिकतो, याचे उदाहरण इंदुरातच आहे. 1924 मध्ये सुरू झालेल्या इथल्या वनस्पती उद्योग संस्थेत इंग्रज शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्टची जी पद्धत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून गेली. तिच्यात खड्डा कधी वर-खाली करायचा हे दिवसांत सांगितले आहे: सोळाव्या दिवशी, एका महिन्याने, दोन महिन्यांनी, आणि तीन महिन्यांत खत तयार. ‘योग्य वेळी उलथापालथ करावी’ असे लिहिले असते तर ती या कुंपणाबाहेर गेली नसती. त्याच जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे.

पाहणी झाल्यावर सगळ्यांत कमी केले जाणारे काम म्हणजे तीच पाहणी पुन्हा करणे. ज्या पानावर सर्वांत जास्त माणसे अडली, ते नव्याने लिहावे: मात्रा एकरी आणि हेक्टरी दोन्हींत, खाली ‘15 लिटरच्या पंपाला किती, एकराला किमान पंप किती’ ही ओळ, वाणापुढे विभाग आणि दिवस, ‘वाफसा (बतर)’, ‘कोळपणी (डोरा)’ असे जोडशब्द, अक्षर किमान बारा पॉइंटचे. मग त्याच शंभरातल्या चिठ्ठीने काढलेल्या तीस जणांकडे नवे पान घेऊन जावे, आणि त्यांच्या स्वतःच्या शेताचा तोच हिशेब पुन्हा करायला सांगावा.